एक्सके १२०: इंजिन मिरवायला केलेली गाडी

(काळोख. दूरवर भोंगा.)

इंग्लंडातलं कव्हेंट्री. नोव्हेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांनी हे शहर एका रात्रीत भाजून काढलं. तेव्हापासून कारखान्यांत रात्रीचा पहारा. आगीचा बॉम्ब पडला, तर विझवायला माणसं जागी हवीत. विल्यम लायन्स यांच्या, पुढे जॅग्वार नावानं गाजलेल्या मोटार कारखान्यात या पाळीला खुद्द मालक बसत, आणि सोबतीला त्यांचे इंजिनिअर: हेन्स, हॅसन, बेली. बॉम्ब पडला नाही, तर रात्र कशी काढायची? ही मंडळी इंजिनाच्या गप्पा मारत बसायची. लढाई संपल्यावर जे बनवायचं, त्या इंजिनाच्या.

(इंजिन सुरू होतं.)

हेच ते. एक्सके. सहा सिलिंडर, ३,४४२ सीसी, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे), १६० अश्वशक्ती. दोन कॅमशाफ्टची चैन तोवर शर्यतीच्या नाहीतर फार महागड्या गाड्यांना परवडायची. लायन्सना ती जॅग्वारच्या मोठ्या सेडानमध्ये हवी होती.

सेडान काही वेळेत होईना, आणि १९४८चं लंडनचं मोटार प्रदर्शन तोंडावर आलं. मग तोडगा निघाला: मोठ्या गाडीची चासी आखूड करायची, वर दोघांपुरती उघडी बॉडी चढवायची, आणि इंजिन मिरवून घ्यायचं. हीच एक्सके १२०. फार तर दोनशे गाड्या खपतील, असा अंदाज.

(कॅमेरा मडगार्डच्या अगदी जवळून मागे सरकतो.)

इथं जरा रेंगाळू या. पुढच्या चाकावर चढलेली रेघ दारापाशी अलगद उतरते आणि मागच्या चाकावर पुन्हा उचलते. मागचं चाक झाकणाआड अर्धं दडलेलं. लायन्स काही डिझायनरचं शिक्षण घेतलेले नव्हते. पत्र्याच्या कारागिरांकडून गाडीचा आकार पूर्ण मापात करून घ्यायचा, तो उन्हात नेऊन न्याहाळायचा, मग 'इथं अजून थोडं दाबा' म्हणायचं, ही त्यांची पद्धत. आणि हे बघा, दाराला बाहेरून मूठच नाही! आत हात घालायचा, दोरी ओढायची.

सुरुवातीच्या दोनशे चाळीसेक गाड्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, हातानं केलेल्या. मागणी इतकी आली, की १९५०पासून पोलादी बॉडीवर जावं लागलं. पोलाद तेव्हा इंग्लंडात कोट्यावर मिळायचं, आणि निर्यात करील त्याला आधी. साहजिकच बहुतेक गाड्या परदेशी गेल्या, मुख्यतः अमेरिकेला. हॉलिवूडचा नट क्लार्क गेबलनं सुरुवातीचीच एक घेतली.

नावातले १२० म्हणजे ताशी १२० मैल. लोकांना ती थाप वाटली. म्हणून ३० मे १९४९ला पत्रकारांना बेल्जियममधल्या याब्बेकेच्या रस्त्यावर नेलं. सटन नावाच्या चालकानं पुढची काच काढून गाडी सोडली: १३२.६ मैल, म्हणजे ताशी २१३ किलोमीटर. पुढची गंमत मला जास्त आवडते. सटन परत आला, आणि टॉप गिअर न बदलता, ताशी दहा मैलांनी पत्रकारांसमोरून संथपणे निघून गेला. गाय चरायला निघावी तसा.

(पाऊस. काचेवर थेंब.)

१९५०, उत्तर आयर्लंडमधलं डनड्रॉड, टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत. ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉस ही गाडी पळवतोय. दुसऱ्या दिवशी त्याचा एकविसावा वाढदिवस, आणि शर्यत त्यानंच जिंकली.

खोडी होत्या. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडायचे. उंच माणसाला पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न. पहिला गिअर घाईनं टाकलात, तर चारचौघांत करकरायचा.

१९५४पर्यंत सुमारे बारा हजार गाड्या निघाल्या. इंजिन मात्र थकलं नाही, डेमलरच्या लिमोझिनमध्ये ते १९९२पर्यंत धावत राहिलं. आणि २००८पासून जॅग्वारचं मालकघर आपल्या मुंबईत, टाटा समूहाकडे आहे.

जिच्यासाठी एवढा खटाटोप होता, ती सेडान आली १९५०मध्ये. मार्क सेव्हन. चांगली गाडी होती. तिच्यावर फिल्म करा, असं मात्र आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.