परतीच्या पाण्याचं तापमान

थंड देशांत एका केंद्रातून अख्ख्या शहराला ऊब पुरवणारी यंत्रणा म्हटलं की डोळ्यांसमोर भट्टी येते, धुराडं येतं. मी आज दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो: घरं तापवून, गार होऊन परत निघालेल्या पाण्यापासून.

रचना सांगायला सोपी आहे. जमिनीखालून दोन पाइप शेजारी शेजारी जातात. एकातून तापलेलं पाणी इमारतींकडे जातं, दुसऱ्यातून ते केंद्राकडे परततं. जाताना थंडी जितकी कडक तितकं ते जास्त तापवतात, जुन्या जाळ्यांत अगदी 120 अंशांपर्यंत. शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण पाइपात दाब असतो. हे पाणी नळाला मात्र येत नाही. बहुतेक ठिकाणी इमारतीच्या तळघरात हीट एक्स्चेंजर असतो: पातळ पत्र्यांच्या एका अंगाने शहराचं पाणी, दुसऱ्या अंगाने इमारतीचं. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत तर शहराच्या पाण्यात हिरवा रंग घालतात. कुणाच्या नळाला हिरवं पाणी आलं, की एक्स्चेंजर गळतोय हे पोरालाही कळेल.

ही उष्णता येते कुठून? नुसती वीज करणारं कोळशाचं केंद्र इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण 35 ते 40 टक्केच विजेत उतरवतं. उरलेली बरीचशी नदीत, समुद्रात किंवा हवेत सोडून द्यावी लागते, कारण टर्बाइन, म्हणजे वीज करणारं वाफेचं चक्र, पिळून काढतं ती वाफ शेवटी इतकी कोमट होते, की तिने घर तापत नाही. सहनिर्मितीच्या, म्हणजे वीज आणि उष्णता एकत्र देणाऱ्या केंद्रात तीच वाफ जरा आधी, अंगात धग असतानाच काढून घेतात. वीज थोडी घटते, पण इंधनातली 80 ते 90 टक्के ऊर्जा कामी येते. 1973 च्या तेलसंकटाने पोळलेल्या डेन्मार्कने हा हिशेब मनावर घेतला, 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा जाळ्यावर आहेत.

आता परतीचा पाइप. एक घनमीटर पाणी 40 अंशांनी गार झालं, की सुमारे 46 युनिट उष्णता देऊन जातं. 20 अंशांनीच गार झालं, तर निम्मी. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी दुप्पट पाणी फिरवा, आणि पंपांची वीज दुपटीच्या कितीतरी पुढे जाते. परतीचं पाणी पुरेसं गार असेल, तर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता पकडता येते. गरम असेल, तर ती धुराड्यातून गेलीच. दोष पुष्कळदा केंद्रात नसतोच. तळघरातला एखादा उघडा अडकलेला व्हॉल्व्ह पाणी न वापरताच माघारी पाठवत असतो. डेन्मार्कमधल्या काही कंपन्या म्हणूनच गरम पाणी परत धाडणाऱ्या ग्राहकाला जादा आकार लावतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

भट्ट्या विझू लागल्यावर तर या अंशांची किंमत आणखी वाढते. हेलसिंकीतलं हानासारीचं कोळसा केंद्र 2023 मध्ये बंद झालं. त्याच शहरातल्या कात्री वाला उद्यानाखाली, खडकाच्या पोटात, मोठे हीट पंप बसवलेत: विजेच्या जोरावर कोमट पाण्यातली उष्णता जास्त गरम पाण्यात चढवणारी यंत्रं. ते शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली उष्णता ओढून घेतात. पाणी जितकं कमी तापवावं लागेल, तितकी या पंपांना वीज कमी लागते. आणि कुणाच्या अंघोळीबरोबर मोरीत गेलेली ऊब पुन्हा त्याच शहराच्या पाइपात येते.