श्रावणातली सुकट

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय सौम्य कोरोनाबद्दल. ज्याला दवाखान्यात खाट लागत नाही, पेज, पॅरासिटामॉल आणि झोप यांवर जो घरीच बरा होतो, तो. सांगायचं म्हटलं तर तुम्हा सगळ्यांचा अनुभवाचा विषय. मला स्वतःला दोनदा होऊन गेला. तरी अजूनही पावसाळा आला, घरोघरी खोकले सुरू झाले, की एखादा माणूस समोर बसतो आणि विचारतो, "डॉक्टर, सौम्य म्हणजे नक्की किती?"

प्रश्न रास्त आहे. सौम्य हा शब्द आम्ही डॉक्टरांनी फुफ्फुसाकडे बघून ठेवलाय, माणसाकडे बघून नाही. ताप एकशे दोन, अंग कुटून काढल्यासारखं, घसा असा की आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यावं, हे सगळं आमच्या वहीत सौम्यच. फक्त दोन गोष्टी हव्यात. धाप नको, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९४ किंवा त्याच्या वर हवा. चौऱ्याण्णव. हा आकडा पुढे परत येणार आहे, लक्षात राहू द्या.

बाकी लक्षणं तुम्हाला पाठ आहेत. ताप, कोरडा खोकला, घसा, डोकं, अंगदुखी, थकवा, काहींना जुलाब. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली तेव्हापासून सुरुवात बहुतेक घशापासून होते, नाक वाहतं, आणि वास जाण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालं. पण २०२० साली वास जाणं ही मोठी खूण होती. १३ जून २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ती लक्षणांच्या यादीत घातली. आणि वासाचा विषय निघाला की मला आक्कांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांनी माझ्याकडून ती आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी.

आमच्या वाडीत एक आक्का आहेत. चिपळूणपासून तासाभरावर आमचं गाव. आक्कांचं वय तेव्हा सहासष्ट. श्रावण कडक पाळतात. नुसत्या स्वतः पाळत नाहीत, वाडीकडून पाळून घेतात. नाक असं की चौथ्या घरी तव्यावर सुकट पडली की आक्का ओटीवरून उभ्या, आणि मग जो काही उद्धार चालायचा तो नदीपलीकडे ऐकू जायचा. सुकट म्हणजे, हे देशावरच्या श्रोत्यांसाठी, वाळवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. हल्ली तिच्यात निम्मी वाळूच येते, किलोच्या भावानं आपण वाळू विकत घेतो आणि कोणी काही बोलत नाही, पण ते असो.

तर २०२० चा श्रावण, २१ जुलैला लागलेला. बाहेर पाऊस. शेजारीण श्रावण पाळणाऱ्यांतली नाही. तिला वाटलं, आक्का देवळात गेल्यात. तिनं सुकट भाजायला घेतली. संध्याकाळी मला आक्कांच्या सुनेचा फोन.

"डॉक्टर, आईंना जरा बघता का? त्या आज भांडल्याच नाहीत."

मी म्हटलं, "बरं झालं की!" आणि हसून फोन ठेवला. दिवसभर मास्क, त्यावर ते प्लास्टिकचं शील्ड, आत घामाच्या धारा, डोकं बधिर झालेलं. हे कारण नव्हे, पण झालं असं.

रात्री जेवायला बसलो. आमटीला लसणीची फोडणी होती, तिचा वास आला आणि घास हातात तसाच राहिला. ट्यूब पेटली. खरकट्या हातानं फोन लावला. म्हटलं, "भांडल्या नाहीत म्हणजे नेमकं काय झालं ते सांग."

सून सांगायला लागली. आक्का देवळात गेल्याच नव्हत्या. पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. सुकटीचा धूर कुंपणावरून सरळ पडवीत. सुनेनं मनात म्हटलं, आता पेटणार. ती वाट बघत उभी राहिली. आक्का वाल सोलतायत. तिनं शेवटी विचारलं, "आई, वास येतोय का हो?" आक्का म्हणाल्या, "कसला?"

नाक बंद नव्हतं. शिंक नाही, शेंबूड नाही. मी खोदून विचारल्यावर कळलं, दोन दिवस अंगात कसर होती, ती बेणणीला, म्हणजे शेतातलं तण काढताना, भिजल्यामुळे म्हणून कोणी मनावर घेतली नव्हती. साध्या सर्दीत नाक चोंदतं म्हणून वास येत नाही. या रोगात नाक मोकळं असतं आणि वास गेलेला असतो. पुन्हा सांगतो, नाक मोकळं आणि वास गेलेला. नाकात वर, वास घेणाऱ्या मज्जातंतूंना आधार देणाऱ्या पेशी असतात. विषाणू मुख्यतः त्यांच्यावर बसतो. म्हणून वास जातो, आणि म्हणूनच बहुतेकांचा परत येतो.

दुसऱ्या दिवशी स्वॅब, तो पॉझिटिव्ह. गावानं ताबडतोब मुंबईहून आलेल्या पुतण्यावर बिल फाडलं. तो बिचारा शाळेच्या वर्गात विलगीकरणाचे दिवस काढून, तपासून घरी आलेला. चाकरमानी पाठवतो ते पैसे चालतात, तो आला की अंगावर काटा, हे मला त्या वर्षी फार लागलं. असो.

वय साठीच्या वर, म्हणून वैद्यकीय अधिकारी येऊन बघून गेले. मागच्या पडवीत वेगळी खोली, शेजारी न्हाणी. घरी राहायची परवानगी मिळाली. मी माझा ऑक्सिमीटर देऊन आलो.

सहाव्या दिवशी रात्री दहाला फोन. सून रडवेली. "डॉक्टर, शहाऐंशी!"

सहावा दिवस, श्रोतेहो. ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडतं. ताप उतरला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. पाचवा ते दहावा. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हटलं, आक्कांना फोन दे. आक्कांनी फोन घेतला आणि मला झापायला सुरुवात केली. "रात्रीची माणसं उठवतोस? तुझा बाप डॉक्टर होता, त्यानं कधी असली थेरं केली नाहीत!" एका दमात, न थांबता. माझा निम्मा जीव भांड्यात पडला. निम्माच, कारण या रोगात आकडा खाली गेलेला असतानाही माणूस गप्पा मारत बसलेला मी पाहिलाय. कानावर भिस्त ठेवून चालत नाही.

विचारलं, "मोजायच्या आधी काय करत होता?" तर न्हाणीत गार पाण्यानं हातपाय धुऊन आल्या होत्या. आणि मशीन डाव्या हाताला लावलेलं, जिथे नागपंचमीच्या मेंदीची नखं अजून लाल होती. उजव्या हाताला मेंदी नव्हती, कारण आपली आपण लावली की ती डाव्याच हाताला लागते. म्हटलं, हात पुसा. तळवे चोळून गरम करा. उजव्या हाताचं मधलं बोट. हात मांडीवर, बोलायचं नाही. आक्कांना ते सगळ्यात अवघड गेलं. आकडा नाचायचा थांबला की वाचा.

सत्याण्णव.

घोळ गार हातांचा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, मशीन घाबरवायला लागलं तर आधी हात गरम करा आणि पाच मिनिटं बसून परत मोजा. परत मोजूनही ९४ च्या खाली असेल तर मात्र माझ्या फोनची वाट बघू नका, निघा.

पुढे राज्याच्या आरोग्य विभागानं चालण्याची चाचणी घरोघरी पोहोचवली, ती अजूनही चांगली आहे. आकडा बघायचा, घरातच सहा मिनिटं सपाट जमिनीवर चालायचं, परत बघायचं. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं. चालून आकडा ९३ च्या खाली आला, किंवा आधीपेक्षा तीनाहून जास्त उतरला, किंवा धाप लागली, तर डॉक्टर गाठायचा. छातीत दाब, ओठ निळसर, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा ग्लानीत जायला लागला, तर मोजत बसायचंच नाही. दहा सेकंद श्वास रोखून धरायची ती व्हॉट्सअ‍ॅपवरची परीक्षा करू नका, तिच्यावरून काही कळत नाही. काढ्याचंही तेच. त्या वर्षी कोरोनापेक्षा मिरी-दालचिनीनं पोट जाळून घेतलेले पेशंट मी जास्त तपासले असतील.

एकच गोष्ट कडक सांगतो. ऑक्सिजन चांगला असताना स्टेरॉइड घ्यायचं नाही. त्यानं जीव वाचतो तो ऑक्सिजन लागणाऱ्यांचा. २०२१ च्या लाटेत लोकांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या गिळल्या, साखर भडकली, आणि काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे, जबडे नेले ते आपण पाहिलं. घरात सौम्य आजार म्हणजे तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, वेगळी खोली, मास्क, दिवसातून तीनचारदा आकडा. बस्स. खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरायचं नाही.

आक्का बऱ्या झाल्या. वास मात्र येईना. गणपती आले, गौरी आल्या, घरात तळणं झालं, त्यांना पत्ता नाही. मग यायला लागला तो वाकडा. चहाला रबर जळल्याचा, उदबत्तीला रॉकेलचा. असं होतं, नाक परत शिकत असतं. आक्का पहिल्यांदाच खचलेल्या मी तेव्हा पाहिल्या. जेवणावरून उठून जायच्या.

शेजारणीनं मनावर घेतलं. दर दोन-तीन दिवसांनी ती चूल कुंपणाजवळ आणून मुद्दाम सुकट भाजायची, आणि पडवीकडे बघायची. काही नाही. परत दोन दिवसांनी. काही नाही.

एक दिवस दुपारी माझा फोन वाजला. शेजारीण होती. ती काही बोलेचना, तिनं नुसता फोन कुंपणाकडे धरला होता. पलीकडून आवाज येत होता, "कोण गो ती सुकट भाजतेय? श्रावण-बिवण काही आहे की नाही या वाडीत?"

श्रावण संपून महिना होत आला होता.