चहाचा ग्लास आणि पन्नास किलोचं पोतं

पुण्यातली गुलटेकडी, मार्केट यार्डातला भुसार बाजार. ट्रकचा फाळका अजून पडलेला नाही. एक हमाल उभ्या उभ्या चहा पितोय. काचेचा ग्लास, कडेला दोन बोटं, समोर अंगठा. पाच मिनिटांनी याच बोटांत आकडा येईल आणि पन्नास किलोचं गव्हाचं पोतं ओढलं जाईल.

हात तोच, स्नायू तेच. मग ग्लास फुटत कसा नाही?

स्नायू म्हणजे हजारो तंतू. आणि तेही यार्डासारखेच टोळ्यांनी काम करतात. मज्जारज्जूतली किंवा मेंदूच्या बुंध्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले तंतू, ही एक टोळी. शास्त्रात तिला मोटर युनिट म्हणतात. इशारा आला की टोळीतले सगळे तंतू आवळतात; अर्धामुर्धा जोर नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका टोळीत जेमतेम दहाएक तंतू, पोटरीत हजाराच्या वर.

आधी कोण लागतं कामाला? लहान टोळ्या. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी 1957 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हा क्रम मांडला. लहान चेतापेशी थोड्याशा इशाऱ्यानेही जाग्या होतात. त्यांचे तंतू संथ, पण चिवट. ग्लासापुरते तेच पुरतात. पोतं आलं की मोठ्या टोळ्या उतरतात. जोर दांडगा, दम कमी. गंमत म्हणजे इथे नावं पुकारणारा मुकादमच नाही, रांग लागते ती पेशीच्या आकारामुळे.

दुसरी युक्ती वेगाची. एका इशाऱ्याने तंतूला बसणारा झटका सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. इशारे दाटीने आले की झटके एकात एक मिसळतात आणि ताण वाढतो. हाताच्या पंजातल्या छोट्या स्नायूंत निम्म्या ताकदीलाच जवळजवळ सगळ्या टोळ्या हजर असतात. पुढचा जोर इशाऱ्यांच्या वेगाचा. दंडात मात्र ताकदीच्या 80 टक्क्यांपर्यंत नव्या टोळ्या येतच राहतात.

आणि टोळ्या एका ठेक्यात चालत नाहीत. एकीचा झटका ओसरतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो. म्हणून चहा हिंदकळत नाही.

ट्रक रिकामा झालाय. पुन्हा चहा. दमलेले तंतू आता कमी ओढतात, त्यामुळे एवढ्याशा ग्लासालाही जास्त टोळ्या लागतात, मोठ्यासुद्धा. त्यांचे झटके ठसठशीत.

चहावर बारीक लाटा उठतायत. तो दुसरा हात ग्लासाच्या बुडाला लावतो.