छत्रीतून उतरलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. मिरग तोंडावर आला की आपल्याकडे कौलं चाळून होतात, पडवीला झापं लागतात. गच्चीवरच्या टीव्हीच्या छत्रीकडे मात्र कुणी फिरकत नाही. आणि इमारतीत एकाच छत्रीवर सगळी बिऱ्हाडं!

रत्नागिरीकडच्या एका तीन मजली इमारतीची गंमत ऐका. पहिली मोठी सर आली आणि तळमजल्यावरच्या चित्राचे चौकोन-चौकोन झाले. केबलवाल्याने एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडासमोरची सिग्नल पकडणारी डबी, बदलला. चार दिवस बरे गेले. मग बॉक्स बदलला. मग छत्री हलवली, तर वरच्यांचंही चित्र गेलं! गणपतीला चाकरमानी आले तरी टीव्ही बंदच. (आरत्या तेवढ्या निवांत झाल्या, ते बरंच झालं म्हणा.) शेवटी एका जाणत्याने बॉक्समागचा कनेक्टर सोडला, तर वायरीतून चमचाभर पाणी ठिबकलं. हिरवट पाणी!

गच्चीवर कनेक्टर हातानेच पिळून बसवलेला, वर साधी काळी टेप. उन्हाने टेप सुटली, पाणी वायरीच्या सालीखालच्या बारीक तारांच्या जाळीत शिरलं. जाळी म्हणजे कंदिलाची वातच; पाणी झिरपत तीन मजले खाली. त्यात याच वायरीतून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात. पाणी, खारी हवा आणि वीज एकत्र आली की तांबं झिजतं. अशी वायर पुसून भागत नाही, सबंध बदलावी लागते. पुन्हा सांगतो, दोष छत्रीत नव्हता, जोडात होता. जोडात.

तेव्हा वायर आरजी-6, 75 ओहमची, आतली तार निव्वळ तांब्याची घ्या. मुलामा दिलेली पोलादी तार कापल्या तोंडाशी गंजते. कनेक्टर कॉम्प्रेशनचा, हत्याराने दाबलेला. त्यावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखे पदर पडतात. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. मल्टिस्विचची, म्हणजे एका छत्रीचा सिग्नल सगळ्या बिऱ्हाडांना वाटणाऱ्या डब्याची, रिकामी तोंडं 75 ओहमच्या टोपणांनी बंद.

छत्रीचा पाय जांभ्याच्या चिऱ्यात नको, भोकात ठोकलेला स्क्रूचा प्लग सैल होतो, स्लॅबवर बसवा. जांभ्यावरून आठवलं, चांगल्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा कशाला चढवतात, देव जाणे! असो. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, साधारण साठ अंश उंच. त्या रेषेत माड नको. आज बाजूला असलेली झावळी उद्या आड येते.

आणि मजुरीतले थोडे पैसे पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत हातचे राखून ठेवा.