नवीन शहरात करमत नाही? मग नवीन ठिकाणं बघणं थांबवा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, नोकरीसाठी नवीन शहरात आलेय, चार महिने झाले, अजून करमत नाही. काय करू?"

आधी व्यवहाराचं पटकन उरकते, कारण ते तुम्हाला माहितीच आहे. करारनामा सही करण्याआधी वाचा. ताबा घेतानाच भिंती, नळ, खिडक्यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा, अनामत परत घेताना वाद होत नाहीत. बँकेत पत्ता बदला. दवाखाना धडधाकट असतानाच शोधून ठेवा. झालं.

आता खरा मुद्दा. दर रविवारी नवीन ठिकाणी जाताय ना? ते थांबवा. एक जागा, एक वार, एक वेळ ठरवा आणि तिथेच जात राहा.

"शहर एक्सप्लोर करा" सांगणाऱ्या रीलवाल्यांवर माझा जुना राग आहे. पहिलं वर्षभर मी तेच केलं. नकाशावर नुसत्या पिनाच पिना! आणि एका रात्री सडकून ताप भरला, तेव्हा फोनमधली नावं तीनदा वरखाली केली. औषध आणून दे म्हणावं असं या शहरात कोण? घरमालक आणि इंटरनेटवाला.

बरी झाल्यावर ठरवलं: मंगळवार, संध्याकाळी सात, बॅडमिंटन हॉल. पहिले पाच आठवडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. रिकामी दिसू नये म्हणून मी बाकावर बसून बुटाची नाडी सोडायचे आणि परत बांधायचे. खरंच! सहाव्या मंगळवारी दांडी मारली. सातव्याला एक काकू, रॅकेटला ग्रिप गुंडाळत, मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या वेळी कुठे होतीस?" आपण नव्हतो हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, मंडळी!

बरं, माझं सोडा, हिशोब बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये अंदाज मांडला की ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, जिवलग व्हायला 200 च्या वर. आठवड्याला दोन तास धरले तर जुजबी मैत्रीलाच पंचवीस आठवडे. म्हणजे चार महिन्यांत करमत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण दर वेळी जागा बदललीत की मीटर शून्यावर!

यावर कोणीतरी लिहिणारच, "ऑफिसात रोज नऊ तास सोबत असतो की." हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या कामाचे तास मैत्रीत फारसे मोजलेच जात नाहीत. काम संपल्यावर थांबता का, ते सांगा.

आणि "मी अंतर्मुख आहे" वाले, इकडे बघा, हे तुमच्यासाठीच आहे. बोलायचं नाहीये, दिसायचंय. 1950 मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांना काय दिसलं? खालच्या मजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त मैत्री. ती माणसं काही बडबडी नव्हती. वरचे सगळे येता-जाता त्यांच्या दारावरून जायचे, बस्स. तुम्हाला तो जिना शोधायचाय. वाचनालय, गायनाचा क्लास, पोहण्याचा तलाव, काहीही, फक्त तीच ती माणसं परत येणारी हवीत. मॉल नको, तिथे रोज वेगळे चेहरे.

एकाने विचारलंय, "ताई, मला बॅडमिंटन येत नाही, चालेल?" अहो, मला अजून येत नाही! काकू दर मंगळवारी सर्व्हिसवरून ओरडतात.

घरी रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करावा का, हेही खूप जणांनी विचारलंय. त्यावर पुढच्या वेळी बोलू, कारण पावणेसात झालेत आणि आज मंगळवार आहे. माझी रॅकेट कुठे ठेवलीय मी?