शेताचे स्थानिक नाव

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय मला दिलाय तो किनाऱ्यावरच्या जमिनींचे व्यवहार. माझं म्हणाल तर माझा सगळा दिवस हल्ली जमिनीच्या ऑफिसातच जातो. भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून मी निवृत्त झालो. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझ्या भाच्याचं जमीन खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे, तिथे सकाळी दहाला जाऊन बसतो. पगार नाही. चहा मिळतो, पेपर मिळतो, आणि हल्लीच्या मोजणीला नावं ठेवायला चार माणसं मिळतात.

ऑफिस म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गणपती, त्याच्या खाली भाच्याचं महारेराचं सर्टिफिकेट, आणि दाराशी चिऱ्याच्या दोन पायऱ्या. त्या पायऱ्या तेवढ्या लक्षात ठेवा.

१९९७ साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला आणि तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक येतं ते एकच विचारत येतं, समुद्र दिसतो का? आता तुम्हीच सांगा, समुद्र बघायचा तर वाळूत जाऊन बघावा, पलंगावर पडून कसला बघायचा? आमच्या वाडवडलांनी घरं बांधली ती माडांच्या आडोशाला, खारं वारं लागू नये म्हणून. हे लोक समुद्राकडे सगळी काचच लावतात आणि दोन पावसाळ्यांनी मला विचारतात, काका, बिजागऱ्या कशा हो गंजल्या? असो. तो त्यांचा प्रश्न.

तर मुद्दा असा की या धंद्यात जमीन शोधावी लागत नाही. ती कुठे जाते? शोधावी लागतात ती माणसं. सातबारा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर तीस नावं, हेही तुमच्या घरचंच. अर्धे लालबाग-परळला गेले, त्यांची मुलं विरार-नालासोपाऱ्याला, एखादा आखातात. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या असल्याशिवाय शहाणं गिऱ्हाईक इसारा, म्हणजे बयाणा, देत नाही. त्यामुळे भाच्याचा अर्धा दिवस फोनवर जातो. "तुमचे चुलते आहेत की गेले?" हे किती गोड आवाजात विचारता येतं, ते त्याच्याकडून शिकावं.

आता गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी लग्नात सांगितली आहे, बाराव्याच्या जेवणालाही सांगितली आहे, मग रेडिओवर का नको?

समुद्रापासून थोडं आत, ५४ गुंठ्यांचं एक भाट, म्हणजे माडांची वाडी, होतं. माड, काजू, मागे थोडं वरकस. पुण्याचं गिऱ्हाईक लागलेलं. गिऱ्हाईक चांगलं, जुन्नरकडे त्यांचा स्वतःचा सातबारा, म्हणजे शेतकरी असल्याचा दाखला हातात. तो नसेल तर शेतजमीन घेताच येत नाही, हे ठाऊक आहेच तुम्हाला. भाव ठरला, नारळ फुटला. सातबाऱ्यावर नावं १९. त्यातल्या १८ जणांची संमती मिळाली. गणपतीला सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हाच भाच्याने घरोघर फिरून हे जमवलं. गणपतीत मोदक खायचे सोडून हा सह्यांची बोलणी करत फिरतो.

राहिलं एक नाव. बाईचं. तिच्या भावाचे मुलगे म्हणाले, ही आमची आत्या, बाबांशी तिचं बोलणं नव्हतं, लग्न होऊन बेळगावला गेली, पुढचं माहीत नाही. झालं, भाच्याने बेळगाव पालथं घातलं. दोन महिने. ऑफिसात तिचं नावही कुणी घेत नसे, सगळे म्हणायचे "एकोणीस नंबर". एकोणीस नंबर सापडली का? एकोणीस नंबर हयात आहे का? नसेल तर तिचे वारस किती? पुण्याचे साहेब दर सोमवारी फोन करायचे आणि भाचा दर सोमवारी जेवायचा नाही.

इथे पायऱ्यांकडे येऊ. त्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसते. खाली गोणपाट, त्यावर कोकमाची सोलं, कुळीथ, वापरलेल्या सरबताच्या बाटल्यांतून आगळ, मोसमात करवंदं. कुळीथ अजून शेराने मोजून देते आणि वर मूठभर घालते. ती वरची मूठ महत्त्वाची; वजनकाट्याला मूठ कळत नाही, म्हणून मला तो काटा आवडत नाही. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. उन्हं चढली की भाचा तिला आतून पाण्याची बाटली देतो, आणि ती आमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणते, "बसाक खुर्ची नको, माका जमीनच बरी."

एक दिवस मी तो फायलींचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. कॉम्प्युटरवर निघणाऱ्या सातबाऱ्यावर माझा जीव नाही, त्यामुळे भाच्याने तलाठ्याकडून जुना हस्तलिखित उतारा मिळवला होता. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. म्हणा, मला जमायचं नाही. तर माझी खात्यातली सवय अशी, की उतारा हातात आला की वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचा. भाचा फक्त नावं आणि क्षेत्र बघतो. मी सगळं वाचतो. भूमापन क्रमांक, हिस्सा क्रमांक, भूधारणा पद्धती, आणि मग एक रकाना असतो, बहुतेक वेळा कोरा: शेताचे स्थानिक नाव. पुन्हा सांगतो, शेताचे स्थानिक नाव. या उताऱ्यावर तो कोरा नव्हता. जुन्या तलाठ्याने बारीक मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "उंडलीचे भाट".

मी वाचलं, उंडलीचे भाट. आणि दारातून आवाज आला.

"कसल्या भाटाचां नाव वाचलात?"

मी म्हटलं, "उंडलीचां."

काकी आत आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. हातातला शेर तसाच. म्हणाली, "तां आमचां. माज्या बापाशीचां. कडेक बाव आसा, बावयेर उंडल." बाव म्हणजे विहीर, आणि उंडल म्हणजे उंडीचं झाड.

भाच्याने फोन खाली ठेवला. पुण्याचे साहेब फोनवर हॅलो, हॅलो करत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं ती पायरीवर बसते, दोन महिने आत हीच चर्चा, मग तिला कळलं कसं नाही? अहो, कळणार कसं? आम्ही आत बोलायचो सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एकोणीस नंबर. तिला तिच्या बापाची जमीन नंबराने कधी ठाऊकच नव्हती. आणि आम्हाला ती कळणार कशी? सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव, बाप गेला तेव्हा वारस म्हणून लागलेलं. सासरी गेल्यावर आडनाव बदललंच, वर पहिलं नावही बदललं, तांदळात अंगठीने लिहून. नवरा बेळगावला छापखान्यात होता, तो गेल्यावर ती सासरच्या गावी आली, आमच्याच तालुक्यात. भाऊ बोलत नव्हते, मग माहेरचं नाव कोण घेणार?

मग कागद. ही आणि ती बाई एकच, हे सिद्ध करायचं होतं. काकी चौथीपर्यंत शिकलेली. माहेरच्या गावच्या प्राथमिक शाळेत गेलो, मुख्याध्यापकांनी कपाटावरून रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि निळ्या शाईत तिचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. काकीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र झालं.

मग तिच्या भावाचा मुलगा आला मुंबईहून. चांगला मुलगा, पण धोरणी. आत्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्ये, लुगडां-चोळी आणि पंचवीस हजार देतंय, हक्कसोड पत्रावर सही कर." मी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशोब मांडून ठेवला होता. ५४ गुंठे, आजोबांचे तीन मुलगे, म्हणजे तिच्या बापाच्या वाट्याला १८. बापाची चार मुलं, म्हणजे तिला साडेचार गुंठे. एक गुंठा म्हणजे आमची ३३ फुटी साखळी चारही बाजूंनी, १०८९ चौरस फूट. मी तोंड उघडणार एवढ्यात काकीच बोलली.

"बाबा, मी हय अकरा वर्सां बसतंय. गुंठ्याक भाव काय चललो हा, तो माका सांगतंस?"

आणि तिने भाव सांगितला. रस्त्याला लागून असलेल्याचा वेगळा, मागच्या अंगाचा वेगळा, विहीर असेल तर किती चढतो, वाट नसेल तर किती उतरतो. भाव मी रेडिओवर सांगत नाही, उद्या मला फोन येतील. पण एक आकडा चुकीचा असेल तर शपथ. अकरा वर्षं आमचे सगळे सौदे तिने पाठमोरी बसून ऐकले होते! भाचा टेबलाकडे बघत राहिला. भावाच्या मुलाने घाम पुसला.

तिला साडेचार गुंठ्यांचे पैसे मिळाले, पुरते, बँकेत. सही मात्र तिने त्या दिवशी केली नाही. म्हणाली, आज आठवड्याचा बाजार, माल पडून आहे. पुण्याचे साहेब गाडी घेऊन आले होते, त्यांना दोन दिवस लॉजवर राहावं लागलं. जाताना त्यांनी काकीकडून दोन किलो सोलं घेतली. तिने एक पैसा कमी केला नाही, वर मूठ मात्र घातली.

बघा, काचेपलीकडून मला खूण करतायत. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, सांगायचं होतं ते राहिलंच की! घाईत सांगतो. १९९१ साली पहिली अधिसूचना आली, २०१९ साली नवी. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम बघावे लागतात, आणि कमी वस्तीच्या किनारी गावांत पहिल्या २०० मीटरांत नवा बंगला बांधता येत नाही. भरतीरेषा म्हणजे नकाशावरची रेषा, तुम्ही रविवारी बघितलेलं पाणी नव्हे. इसारा देण्याआधी नकाशा बघा. आधी नकाशा, मग इसारा. बाकीचं पुढच्या वेळी, बोलावलंत तर.

नमस्कार.