पानाच्या तळाशी

नमस्कार श्रोतेहो. मी दादरला डीटीपीची, म्हणजे संगणकावर मजकूर टाईप करून पानं जुळवायची कामं करते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लेखक जे. एम. कुट्सी यांची 'डायरी ऑफ अ बॅड इयर' ही २००७ सालची कादंबरी उघडली, तेव्हा गोष्टीआधी नजर गेली ती पानाच्या मांडणीवर. रेडिओवर पान दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांसमोर आणा. आडव्या रेघा मारून पानाचे तीन पट्टे केलेत. वर एका म्हाताऱ्या लेखकाचे लेख, राज्यसंस्थेवर, लोकशाहीवर, ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगावर. मध्ये त्याच्या मनातलं. आणि तळाशी अन्या बोलते, त्याचं लिखाण टाईप करून देणारी तरुणी. सुरुवातीला दोनच पट्टे असतात, तिचा नंतर उघडतो.

लेखक ७२ वर्षांचा, सिडनीत एकटा राहतो. हात साथ देत नाही म्हणून टेपवर बोलून ठेवतो. अन्या त्याला इमारतीतल्या कपडे धुण्याच्या खोलीत भेटते. तिच्या मित्राचा म्हाताऱ्याच्या पैशावर डोळा आहे, पण तो भाग तुम्हीच वाचा.

कादंबरीतला हा लेखकही दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, आणि 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' ही कादंबरी त्याच्या नावावर. ती तर कुट्सींचीच, १९८० सालची! पण कुट्सींचा जन्म १९४०चा, राहणं अ‍ॅडलेडला. आपली पुस्तकं त्याला दिली, वय आणि पत्ता मात्र वेगळा. मग हा कुट्सीच का? वाचणारे याच प्रश्नात अडकतात. मी अडकले ती अन्यापाशी.

गिरगावातल्या एका चाळीत राहणाऱ्या वृद्ध लेखकाचं हस्तलिखित मी जुळवत होते. पाठकोरे कागद, समासात बाण, खाडाखोड. एका कथेत एक बाई आली. ती डबा उघडला की झाकण उलटं ठेवते आणि पहिला घास त्यात काढते. ही सवय माझी! कीबोर्डवरचा हात तसाच राहिला.

"काका, ही मी ना?"

"होतीस," ते म्हणाले. "आता ती तिची तिची आहे."

खूप राग आला. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वाक्यं जुळवतेय, आणि माझं बोलणं त्या पानावर कुठेच नव्हतं. कुट्सींनी अन्याला ती जागा दिली, याचं मला फार मोल वाटतं. ती सरळ सांगते, राजकारण पुरे, क्रिकेटवर लिहा, आठवणी लिहा. आणि म्हातारा ऐकतो. पुढच्या भागात त्याचा सूर निवळतो, तो स्वप्नावर, वडिलांवर, बाखच्या संगीतावर लिहू लागतो. टाईप करणारीनं लिहिणाऱ्याला बदललं.

मीही मग काकांच्या मुद्रितावर पेन्सिलीनं लिहिलं : 'घास कुणासाठी काढते, ते राहिलंय. खिडकीत कावळा येतो.'

दुसऱ्या मुद्रितात कावळा आला होता.